गन एक, गाड्या पाच

नांदेडहून हैदराबादकडे निघालेला महामार्ग नायगाव, नरसी, देगलूर करत तेलंगणात शिरतो. नरसीला डावीकडे वळलं की बिलोली, आणि पुढे येसगीच्या पुलावरून मांजरा ओलांडली की बोधन, निजामाबाद. अशा लांबच्या रस्त्यावर विजेवरच्या गाड्यांचे दोन चालक चार्जिंगला भेटले की नाव-गाव नंतर निघतं. आधी विचारलं जातं, "किती टक्के?"

महामार्गावरचा फास्ट चार्जर बंद पडायला मोठं कारण लागत नाही. वळवाच्या वाऱ्यात खांब आडवा होतो, एखादा फेज जातो, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की यंत्र स्वतःहून थांबतं. कधी वीज असते, पण यंत्रातल्या सिम कार्डला नेटवर्क नसतं. मग पैसे घेता येत नाहीत, आणि पैसे घेता येत नाहीत म्हणून वीज सुटत नाही. पेट्रोल संपलं तर कुणीतरी दुचाकीवरून बाटलीभर आणून देतं. इथे तशी सोय नाही.

समजा, चार्जरच्या दोन गनपैकी एक बंद आहे आणि पाच गाड्या उभ्या आहेत. पहिल्या गाडीत ५५ टक्के शिल्लक आहे, तिला थेट हैदराबाद गाठायचं आहे. तिसरीत ९ टक्के, आणि मागच्या सीटवर डायलिसिसला निघालेली आई. पाचवीत ६ टक्के, पण तिचा चालक मागचं चालू स्टेशन घाईत सोडून आलेला. आधी कोणाची गाडी लागावी?

मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. २०१६ साली लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण आटलं. मार्चमध्ये प्रशासनाने पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती कलम १४४ लावलं, कारण रांगेत मारामाऱ्या होतील अशी धास्ती होती. एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे आली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. हीच मांजरा पुढे कर्नाटक, तेलंगण फिरून बिलोली तालुक्याच्या कडेने गोदावरीला मिळायला जाते. त्या उन्हाळ्यात लातूरकर काही अचानक भांडखोर झाले नव्हते. पुढचा टँकर केव्हा येणार हे ठाऊक नसलं की माणूस हंड्यावर थांबत नाही, घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवतो. उद्याची खात्री गेली की आजची हाव वाढते, आणि ती हाव त्या क्षणी शहाणपणासारखी दिसते.

"जो आधी आला तो आधी" हा नियम कोरडा वाटतो खरा, पण तो हलक्यात घेण्यासारखा नाही. पाणवठ्यावर कोणी भरायचं आणि कोणी दूर उभं राहायचं हे या समाजात शतकानुशतकं जातीवरून ठरत आलं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले, ते हा क्रम मोडण्यासाठी. रांग माणसाची जात पाहत नाही, हुद्दा पाहत नाही, गाडी किती लाखांची हेही पाहत नाही. ती फक्त वेळ पाहते. "माझी गरज मोठी" म्हणत पुढे घुसणाऱ्याला ती अडवते, आणि अशा घुसणाऱ्यांमध्ये खरे गरजू किती आणि ओळखीपाळखीवाले किती, हे प्रत्येक सरकारी कचेरीबाहेर उभं राहिलेल्याला माहीत आहे. म्हणून रांग मोडण्याआधी दहादा विचार करावा.

तरीही तिसऱ्या गाडीतली आई डोळ्यांसमोरून हलत नाही. इथे एकनाथांची कथा आठवते. काशीची गंगा कावडीतून रामेश्वराला न्यायची, शेकडो कोसांची पायपीट झालेली, आणि वाटेत तापल्या वाळूत तडफडणारं गाढव दिसतं. नाथ कावडीतलं पाणी त्याच्या तोंडात ओततात. गोदावरीच्या काठाने वाहत आलेली ही शिकवण नांदेड जिल्ह्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असते: समोरचा तहानलेला हाच देव.

पण ही कथा जशीच्या तशी रांगेला लावता येत नाही. नाथांनी दिलेलं पाणी त्यांचं स्वतःचं होतं. पहिल्या नंबरवरचा माणूस मोठ्या मनाने तिसऱ्याला पुढे घेतो आणि स्वतः लगेच त्याच्यामागे लागतो, तेव्हा तो दुसऱ्या गाडीचाही पाऊण तास देऊन टाकतो, आणि त्या दुसऱ्याला कुणी विचारलेलंच नसतं. दुसऱ्याच्या खिशातून केलेला दानधर्म तो. खरं द्यायचं असेल तर जागांची अदलाबदल करावी: तिसरा पहिला, पहिला तिसरा. तेव्हा मधल्याचं काही जात नाही आणि देणाऱ्याचं खरोखर जातं. (अर्थात दोघांना लागणारा वेळ सारखा असेल तरच, तिसऱ्याने तासभर जास्त घेतला तर मधल्याचा हिशेब पुन्हा चुकतो.) सगळ्यांनी मिळून आईला पुढे जाऊ दिलं, तर ती गोष्ट आणखी चांगली. मात्र त्यासाठी पाचही जणांनी गाडीतून उतरून एकमेकांशी बोलायला हवं.

नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबच्या लंगरमध्ये असा पेच पडत नाही. एक पंगत उठते, दुसरी बसते, डाळ पुन्हा शिजते. चार्जरपुढे जे वाटायचं असतं ते म्हणजे तास, आणि तास पुन्हा शिजवता येत नाहीत. म्हणूनच नंबर कोणाचा यापेक्षा, घेणाऱ्याने किती घ्यावं, हा प्रश्न जास्त खोल जातो.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी विनोबांकडे जमीन मागितली. विनोबांनी आधी विचारलं, किती हवी? उत्तर आलं, ८० एकर. तिथल्या रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली आणि भूदान सुरू झालं. त्या दिवसाची आठवण निघाली की सगळे देणाऱ्याचं कौतुक करतात. मागणाऱ्यांनी आपली गरज मोजून सांगितली होती, हे मात्र मागे पडतं. त्यांच्यापाशी जमीन नव्हती, पण पुरे कशाला म्हणायचं याचा आकडा होता.

गाडीच्या बॅटरीलाही असा आकडा आहे. ८० टक्क्यांच्या आसपास पोचल्यावर बॅटरी वीज सावकाश घेऊ लागते. शेवटच्या वीस टक्क्यांना अनेक गाड्यांत आधीच्या चाळीस टक्क्यांइतका वेळ जातो. म्हणजे १०० टक्क्यांचा हट्ट धरणारा माणूस स्वतःला थोडंसंच मिळवून देतो आणि मागच्याचं फार नेतो. देगलूरला पोचण्यापुरतं किंवा निजामाबाद गाठण्यापुरतं घेऊन, थोडी शिल्लक ठेवून निघालं, तर पाच गाड्यांची रांग संध्याकाळऐवजी दुपारीच सुटते. अपरिग्रह हे व्रत मुनींचं म्हणून बाजूला ठेवलेलं असतं. इथे ते युनिट आणि मिनिटांत मोजता येतं.

आणि ज्यांना नाथांसारखं स्वतःच्या कावडीतलंच द्यायचं आहे, त्यांच्यासाठी एक वाट निघालीही आहे. काही नव्या गाड्यांच्या बॅटरीतून दुसऱ्या गाडीला वीज देता येते. सप्टेंबर २०२३मध्ये आलेल्या नव्या नेक्सॉन ईव्हीत ती सोय आहे. वेग कमी, तासाभरात थोडेच किलोमीटर मिळतात. सहा टक्क्यांवर अडकलेल्या पाचव्या चालकाला जवळचं गाव गाठायला तेवढं पुरेल. तो स्वतःच्या चुकीने अडकला, हे खरं. पण तापल्या वाळूत का आलास, असं नाथांनी गाढवाला विचारलं नव्हतं.

हे सगळं ज्यावर उभं आहे ती गोष्ट चालकांच्या हातात नाही. पुढचं स्टेशन चालू आहे याची खात्री असेल तरच माणूस साठ टक्क्यांवर गन काढेल. जानेवारी २०२४मध्ये शिकागोत कडाक्याच्या थंडीत बॅटऱ्या वीज सावकाश घेऊ लागल्या, काही चार्जर बंद पडले, तासन्‌तास रांगा लागल्या आणि कित्येक गाड्या टोचन करून न्याव्या लागल्या. तिथेही पुढच्या ठिकाणाचा भरवसा नसलेल्यांनी आपली जागा सोडली नसेल, तर त्यांना दोष देणं अवघड आहे. महाराष्ट्राच्या २०२५च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाने राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय ठरवली आहे. त्यात किती स्टेशनं उभी राहिली याइतकंच महत्त्व ती किती तास चालू राहिली याला मिळायला हवं, आणि बंद पडलेलं यंत्र ॲपवर हिरवं दाखवणं ही चालकाशी केलेली फसवणूक मानली गेली पाहिजे. नरसीजवळची गन सकाळीच बंद पडली हे दुपारी नांदेडमध्ये कळलं, तर माणूस तिथेच गाडी भरून निघेल, आणि देगलूरच्या रांगेत एक गाडी कमी असेल.