कठीण ग्राहक आणि वाणीचे तप



घरे दाखवण्याचे, विकण्याचे, भाड्याने देण्याचे काम करणाऱ्या कोणालाही विचारून पाहा, दिवसातली सर्वांत जड वेळ कोणती? भर उन्हात तीन साइट फिरवणे जड नसते. लिफ्ट बंद असेल तर सात मजले चढणेही चालून जाते. जड असतो एक फोन. नाव स्क्रीनवर दिसले की पोटात गोळा येतो, उचलावा की नाही हे कळत नाही, आणि उचलल्यावर आपण जे बोलतो ते आपल्यालाच आवडत नाही.

तुम्ही या व्यवसायात असाल तर तो फोन कोणाचा हे तुम्हाला लगेच आठवले असेल. दुसऱ्या व्यवसायात असाल तरीही असे एक नाव तुमच्याकडे असणारच.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत: शरीराचे, वाणीचे आणि मनाचे. वाणीचे तप म्हणजे मौन असे आपल्याला सहसा वाटते. पण तिथे मौन मनाच्या तपात आले आहे. वाणीच्या तपात बोलणेच अपेक्षित आहे, आणि ते कसे असावे हे स्पष्ट सांगितले आहे: समोरच्याला उद्विग्न न करणारे, खरे, प्रिय आणि हिताचे. सोबत स्वाध्यायाचा अभ्यास. म्हणजे ज्याचे पोट बोलण्यावर चालते, त्याला तपासाठी वेगळी जागा शोधावी लागत नाही. त्याची गुहा म्हणजे त्याचा फोन.

अडचण अशी की हे चारही गुण एकाच वाक्यात हवे आहेत. आपण मात्र सोयीचा एक उचलतो. ‘सर, व्ह्यू एकदम मस्त, पुढे काहीच येणार नाही’ हे प्रिय आहे, पण पुढच्या रिकाम्या प्लॉटवर काय येणार हे आपल्याला ठाऊक असते. उलट काही जण ‘मी बुवा तोंडावर स्पष्ट बोलतो’ असे अभिमानाने सांगतात. त्यांचे बोलणे खरे असते, पण ऐकणाऱ्याची रात्रीची झोप जाते. दोघांनीही तपाचा एकेक तुकडा धरून ठेवलेला आहे.

आमच्या सत्संगात एक दादा येतात. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला, रावेत-पुनावळे भागात ते घरांचे काम करतात. एके दिवशी साधनेनंतर ते नेहमीसारखे निघाले नाहीत, बसून राहिले. म्हणाले, ‘एका पार्टीने माझे ध्यान घालवले आहे.’ (एक सांगतो. या व्यवसायात माणसाला ‘पार्टी’ म्हणतात. शब्द साधा आहे, पण एकदा माणूस ‘पार्टी’ झाला की त्याला घाबरायला, रडायला, चुकायला जागा उरत नाही.)

ती ‘पार्टी’ म्हणजे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी. दोन बेडरूमचे घर हवे होते. पाच महिन्यांत एकोणीस घरे दाखवून झाली होती. प्रत्येक ठिकाणी सर टेप घेऊन भिंती मोजायचे, तोच प्रश्न तीन वेळा विचारायचे, पुढच्या वेळी जावयाला आणायचे आणि त्यापुढच्या वेळी वास्तुतज्ज्ञाला. ब्रोकरेज कमी करा हे प्रत्येक भेटीत. आणि रात्री साडेदहाला फोन: ‘तुम्ही सकाळी कार्पेट सांगितला, तो नक्की कोणता?’ दादा म्हणाले, ‘मी गोडच बोलतो. पण फोन ठेवला की घरच्यांवर ओरडतो.’

आमच्या केंद्रातील ज्येष्ठ ताईंनी त्यांना उपदेश केला नाही. एवढेच विचारले, ‘त्यांचा फोन येतो तेव्हा स्क्रीनवर तुम्हाला त्यांचे नाव दिसते की तुमच्या ब्रोकरेजचा आकडा?’

दादा हसले, मग गप्प झाले. त्यांच्या गाडीचा हप्ता होता, मुलीच्या शाळेची फी होती. एकोणिसाव्या घरानंतर सरांचा प्रत्येक नकार त्यांना आपला बुडालेला पैसा वाटत होता. कॉमर्सच्या भाषेत सांगायचे तर, जे उत्पन्न अजून मिळालेलेच नाही ते त्यांनी मनातल्या वहीत जमा बाजूला लिहून टाकले होते आणि त्याचा तोटा रोज सोसत होते. ग्राहक कठीण असतोच. पण आपली गरज त्याला दुप्पट कठीण करते, आणि हा दुसरा भाग आपल्या हातात असतो.

पुढच्या भेटीत दादांनी घर दाखवले नाही. चहाला बसवले आणि विचारले, ‘सर, याआधी कुठे घर घेतले होते का?’ सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पत्नीच बोलल्या. काही वर्षांपूर्वी, नोकरीत असताना, त्यांनी एका इमारतीत पैसे भरले होते. आकडा सुपर बिल्टअपचा सांगितला होता, कार्पेट किती हे कोणी सांगितले नाही, आणि सरांनीही विचारले नाही. काम थांबले. ताबा मिळाला नाही. पैशांतला बराच भाग गेला. तो व्यवहार करून देणारा मनुष्य फार गोड बोलायचा.

आता तो टेप आठवा. तो तिसऱ्यांदा विचारलेला प्रश्न आठवा. सर दादांची परीक्षा घेत नव्हते. जो प्रश्न तेव्हा विचारायचा राहिला, तो ते आता पुन्हा पुन्हा विचारत होते. आणि दादांचे गोड बोलणे त्यांना शांत करत नव्हते, उलट अधिक घाबरवत होते, कारण तसा गोडवा त्यांनी आधी ऐकला होता. प्रिय वाक्यसुद्धा माणसाला उद्विग्न करू शकते, हे मला या प्रसंगातून कळले.

त्यानंतर दादांनी बोलणे कमी आणि दाखवणे जास्त केले. 2016 च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या दिलेली आहे. घराच्या आतील वापरता येणारी जागा आणि आतल्या पार्टिशनच्या भिंती त्यात येतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी येत नाही. हे त्यांनी सरांना कागदावर काढून दिले. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक महारेराच्या वेबसाइटवर कसा शोधायचा हे सरांच्याच मोबाइलवर, सरांच्याच बोटाने करून घेतले. फोनबद्दलही स्पष्ट बोलले: ‘सर, साडेआठपर्यंत कधीही करा. त्यानंतर मी घरच्यांचा.’ पाच महिने जे वाक्य जिभेवर येऊन परत जात होते, ते न चिडता बोलले की दोन सेकंदांचे निघाले. सर म्हणाले, ‘आधी सांगायचे ना!’

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली आणि तुलाधाराची कथा आहे. जाजली मोठा तपस्वी. इतका निश्चल उभा राहिला की पक्ष्यांनी त्याच्या जटेत घरटे केले, अंडी घातली, पिले मोठी होऊन उडून गेली. त्याला वाटले, धर्म मला साधला. तेव्हा त्याने आकाशातून आवाज ऐकला की वाराणसीच्या तुलाधाराची बरोबरी तू करू शकत नाहीस. जाजली शोधत गेला तर तुलाधार दुकानात बसून माल विकत होता! त्याचे सांगणे थोडे होते: माझा तराजू सर्वांसाठी सारखा आहे, व्यवहारात मी कपट करत नाही, कोणाशी माझे वैर नाही. अरण्यातल्या तपस्व्याला बाजारातल्या माणसाकडून शिकावे लागले. मला ही कथा फार आवडते, आणि आपल्या प्रवचनांत ती जितकी यायला हवी तितकी येत नाही असे माझे मत आहे.

पण तराजू सारखा ठेवणे महाग पडते, हेही सांगितले पाहिजे. विसावे घर रिसेलचे होते आणि सरांना ते आवडले. पत्नीने स्वयंपाकघरात उभे राहून ओटा कुठून कुठपर्यंत हेही पाहिले. टोकनची गोष्ट निघाली. दादांना माहीत होते की बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते आणि मालकाने महिन्याभरापूर्वीच त्यावर रंग मारला आहे. कोणी विचारले नव्हते. गप्प राहिले असते तर खोटे बोलल्याचा ठपकाही आला नसता. त्या रात्री त्यांनी गाडीचा हप्ता आठवला, ताईंचा प्रश्न आठवला, आणि सकाळी सरांना सांगितले.

सर आनंदाने पाया पडले असे काही घडले नाही. ते भडकले. ‘मग दाखवलेच कशाला?’ मालकाला कळले तेव्हा तोही भडकला आणि त्याने आपल्या दोन्ही फ्लॅटच्या किल्ल्या परत मागवल्या. व्यवहार मोडला. सर दुसऱ्या एजंटकडे गेले. दादा तीन दिवस सत्संगाला आले नाहीत.

चौथ्या दिवशी आले तेव्हा म्हणाले, ‘वाईट वाटतेय. पण घरी ओरडलो नाही.’

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ग्राहकावर राग न धरणे म्हणजे तो म्हणेल ते करणे नव्हे. अर्धी रक्कम रोखीत द्या-घ्या म्हणणारे असतात. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, आणि ‘सगळेच करतात’ हे उत्तर साधकाचे नाही. अमक्या जातीचा, तमक्या धर्माचा भाडेकरू दाखवूच नका असे सांगणारे मालकही असतात. तिथे नम्रपणे ‘हे माझ्याकडून होणार नाही’ म्हणणे हेच वाणीचे तप आहे. ते वाक्य सत्य आहे आणि हिताचे आहे. आवाज न चढवता म्हटले तर त्यात जितके प्रियत्व शक्य आहे तितके आपण ठेवले. बाकीचे समोरच्याचे.

बेंगळुरूच्या एका भगिनीने एकदा ऑनलाइन सत्संगात वेगळीच साधना सांगितली. त्या भाड्याच्या घरांचे काम करतात. तिथे दहा-दहा महिन्यांच्या भाड्याइतके डिपॉझिट घेण्याची जुनी पद्धत, त्यामुळे घर सोडताना भांडण ठरलेले: मालक रंगाचे पैसे कापतो, भाडेकरू चिडतो, आणि दोघे मिळून एजंटवर ओरडतात. त्या आधी यासाठी प्राणायाम करायच्या. आता प्राणायाम करतातच, पण घर देण्याच्या दिवशी प्रत्येक भिंतीचे, नळाचे, दरवाजाचे फोटो काढून दोघांनाही पाठवतात आणि रंगाचे किती कापायचे ते करारात लिहून घेतात. त्या म्हणाल्या, ‘माझा निम्मा राग हा माझा आळस होता.’ आपण अनेकदा सहनशीलता वाढव म्हणून प्रार्थना करतो, जिथे खरे तर एक कागद नीट लिहायचा राहून गेलेला असतो.

हा आठवडा तुम्ही एक प्रयोग करून पाहा. ज्या नावाने पोटात गोळा येतो, त्याचा फोन वाजला की लगेच उचलू नका. दोन रिंग जाऊ द्या, तेवढ्यात दोन दीर्घ श्वास होतात. त्या माणसाचे नाव मनात पूर्ण घ्या, ‘पार्टी’ नको, ‘तो पुनावळेवाला’ नको. मग बोला. रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरातले फक्त एक वाक्य आठवा, जे खरे होते पण टोचले, किंवा गोड होते पण खरे नव्हते. ते वाक्य आता कसे म्हणाल ते हळू आवाजात एकदा म्हणून पाहा. दोष देत बसू नका. वहीत चूक दुरुस्त करतो तसे करा, आणि झोपा. पहिले दोन-तीन दिवस आठवणारच नाही, ते चालेल.

दादांचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले.

साधारण दोन महिन्यांनी, रात्री दहा चाळीसला, त्यांचा फोन वाजला. सर. दादांनी दोन रिंग जाऊ दिल्या आणि उचलला. सरांनी दुसऱ्या एजंटमार्फत एका नव्या प्रकल्पात घर ठरवले होते. ऑफिसमधून सांगत होते की आत्ता वीस टक्के भरा, अॅग्रीमेंट सावकाश करू. सरांचा आवाज कापत होता. ‘तुम्हाला विचारायला तोंड नाही माझे. पण दुसरे कोणाला विचारू?’

दादांनी सांगितले की रेरा कायद्याप्रमाणे विक्रीचा करार लिहून त्याची नोंदणी होईपर्यंत किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. आधी नोंदणी मागा, आणि मागताना भांडू नका, फक्त हे वाक्य शांतपणे म्हणा. सरांनी ते वाक्य लिहून घेतले. मग वाचून दाखवले. मग पुन्हा एकदा विचारले, आणि दादांनी पुन्हा एकदा सांगितले. पंचवीस मिनिटे झाली.

शेवटी सर अडखळत म्हणाले, ‘याचे तुम्हाला काही...’

‘सर,’ दादा म्हणाले, ‘प्रकल्पाचा रेरा नंबर पाठवा आधी. ताबा कधीचा लिहिलाय ते दोघे मिळून बघू.’