मठापासून गोपुरीपर्यंत

धर्मासाठी घर सोडलेल्या माणसांनी एकत्र राहावे, ही कल्पना महाराष्ट्राला जुनीच आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाने संन्यास घेतलेल्या स्त्री-पुरुषांचा समुदाय उभा केला. सतराव्या शतकात समर्थ रामदासांच्या शिष्यांनी ठिकठिकाणी मठ स्थापले. या दोन्ही परंपरांत साधकाचा निर्वाह भिक्षेवर चाले. भिक्षा मागणे ही अहंकार घालवण्याची साधना होती. नांगर धरणे, चामडे कमावणे, मैला उचलणे ही कामे मठाबाहेरच्यांची होती. वारकरी संतांची वाट निराळी. सावता माळी मळ्यात राबत आणि गोरा कुंभार माती तुडवत भक्ती करीत राहिले, पण आपापल्या घरी आणि आपापल्या जातीच्या व्यवसायात. श्रम आणि साधना यांचा मेळ एकेका भक्ताच्या आयुष्यात बसला, समुदायाच्या आयुष्यात बसला नाही. तो बसवण्याचा प्रयत्न विसाव्या शतकात झाला आणि त्यातला एक अत्यंत खडतर प्रयोग तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात, कणकवलीला झाला.

युरोपात हा मेळ फार आधी घातला गेला होता. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जे नियम घालून दिले, त्यांत प्रार्थनेइतकेच अंगमेहनतीला स्थान होते. पुढे प्रोटेस्टंट पंथांतल्या काही जर्मन भाविकांनी ही जीवनपद्धती मठाबाहेर आणली. राज्याने मान्य केलेल्या चर्चशी त्यांचे पटेना, म्हणून त्यांनी अमेरिका गाठली. १७३२मध्ये कॉनराड बायसेलने पेनसिल्वेनियात एफ्राटा येथे ब्रह्मचारी स्त्री-पुरुषांची वसाहत स्थापली. तिच्या छापखान्यातून मोठमोठे जर्मन ग्रंथ बाहेर पडले. व्युर्टेम्बर्गचा विणकर जॉर्ज रॅप याच्या अनुयायांनी १८०५मध्ये आपली सगळी मालमत्ता एकत्र करून 'हार्मनी' हा समाज स्थापला. ओहायोत १८१७मध्ये झोअर उभे राहिले आणि १८५५पासून आयोवात अमानाची खेडी वसू लागली.

या सर्वांचा आधार एकच होता. येशूच्या पहिल्या अनुयायांनी आपले सारे काही सामाईक ठेवले होते, ही बायबलातली हकिकत त्यांनी आचरणाचा नियम म्हणून घेतली. शेत, गिरण्या, माग आणि स्वयंपाकघर सगळ्यांचे. कष्ट आणि शिस्त यांच्या बळावर या वसाहती संपन्न झाल्या, पण टिकणे त्यांना जड गेले. येशूचे पुनरागमन जवळ आले आहे या श्रद्धेने रॅपच्या लोकांनी ब्रह्मचर्य पत्करले; नवी माणसे फारशी आली नाहीत आणि १९०५मध्ये तो समाज विसर्जित झाला. झोअरने १८९८मध्ये मालमत्ता वाटून घेतली. अमानाने १९३२मध्ये धर्मसंस्था आणि उद्योग वेगळे केले आणि उद्योगांची भागभांडवलाची कंपनी केली. एक गोष्ट मात्र या वसाहतींना सोपी होती. त्यांतली बहुतेक माणसे एका भाषेची, एका श्रद्धेची आणि शेतकरी-कारागिरांच्या थरातली होती. काम वाटून घेताना कोणाचा धर्म बुडत नव्हता.

महाराष्ट्रात धर्मनिष्ठा, सहजीवन आणि उद्योग एकत्र आणणारी मोठी वसाहत पंडिता रमाबाईंनी केडगावला उभारली. १८८६ ते १८८८ या काळात त्या अमेरिकेत होत्या. परतल्यावर त्यांनी शारदा सदन काढले आणि पुढे दुष्काळात निराधार झालेल्या मुली-बायकांना केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला. तिथल्या स्त्रिया शेती करीत, कापड विणीत आणि छापखाना चालवीत. ही वसाहत मुख्यतः आश्रय देण्यासाठी होती. भरल्या घरातल्या माणसाने आपण होऊन श्रमाचे व्रत घ्यावे, ही कल्पना दुसऱ्या वाटेने आली.

त्या वाटेवरही एक जर्मन मठ भेटतो. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात पाइनटाउनजवळ मारियानहिल येथे फ्रान्झ फानर या ऑस्ट्रियन धर्मगुरूने १८८२मध्ये ट्रॅपिस्ट पंथाचा मठ स्थापला होता. तिथले बहुतेक साधू जर्मन होते. १८९५मध्ये तरुण बॅरिस्टर गांधी तिथे गेले. मौन पाळणारे, शाकाहारी राहणारे, लोहारकाम, सुतारकाम आणि चांभारकाम स्वतः करणारे आणि कृष्णवर्णीयांना बरोबरीने वागवणारे साधू पाहून ते भारावले. लंडनच्या 'व्हेजिटेरियन' या नियतकालिकात त्यांनी या मठावर लेख लिहिला. पुढे रस्किन आणि टॉलस्टॉय यांच्या विचारांची भर पडली. १९०४मध्ये फिनिक्स वसाहत आणि १९१०मध्ये टॉलस्टॉय फार्म सुरू झाले. टॉलस्टॉय फार्मची अकराशे एकर जमीन हर्मन कॅलेनबाख या जर्मनभाषक वास्तुशिल्पी मित्राने दिली होती.

भारतात आल्यावर या कल्पनेपुढे जातीचा प्रश्न उभा राहिला. १९१५मध्ये अहमदाबादजवळ कोचरबला आश्रम निघाला आणि त्याच वर्षी दुदाभाई या अस्पृश्य मानल्या गेलेल्या शिक्षकाचे कुटुंब तिथे राहायला आले. देणग्या थांबल्या, आश्रमातही कुरबुर झाली. पण कुटुंब राहिले. आश्रमाच्या व्रतांत शरीरश्रम आणि अस्पृश्यतानिवारण ही दोन्ही आली. मालमत्ता सामाईक केली तरी झाडू एकाच जातीच्या हातात राहणार असेल, तर ते सहजीवन अपुरे आहे, हा अनुभव इथे पक्का झाला.

हा अनुभव रत्नागिरीत सर्वांत पुढे नेला तो सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांनी. १८९४मध्ये जन्मलेले अप्पासाहेब तत्त्वज्ञान शिकले, गांधींच्या आश्रमात गेले आणि गांधींची आत्मकथा त्यांनी मराठीत आणली. १९३०च्या दशकात रत्नागिरीत अस्पृश्यतेविरुद्ध दोन वेगवेगळे प्रयत्न चालू होते. स्थानबद्धतेत असलेल्या सावरकरांच्या प्रेरणेने आणि भागोजी कीर यांच्या दानातून १९३१मध्ये पतितपावन मंदिर उभे राहिले; सर्वांनी एका गाभाऱ्यात जावे, एका पंक्तीला बसावे, हा तिथला आग्रह होता. अप्पासाहेबांचा आग्रह कामाचा होता. रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. सवर्ण कैद्याला ते देता येत नाही असे उत्तर मिळाल्यावर १९३२च्या अखेरीस त्यांनी उपोषण केले. येरवड्याच्या तुरुंगातून गांधींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी अन्न सोडले आणि सरकारला नमते घ्यावे लागले.

१९४८मध्ये अप्पासाहेबांनी कणकवलीला गोपुरी आश्रम स्थापला. गोपालन आणि शेती यांच्याबरोबर मेलेली जनावरे सोलणे, कातडी कमावणे आणि मैल्याचे सोनखत करणे ही कामे तिथे आश्रमजीवनाच्या मध्यावर होती. स्वच्छ काम आधी आणि अमंगळ काम उरलेल्यांकडे, हा क्रमच त्यांनी उलटा केला. केवळ हृदयपरिवर्तनावर भिस्त न ठेवता त्यांनी कामाची रीतही बदलली. मैला मातीने झाकून, कुजवून निर्धोक खत होईल असे साधे, स्वस्त संडास त्यांनी प्रचारात आणले. मैला डोक्यावरून वाहण्याची गरजच संपली की त्या कामावर बेतलेली जात टिकायला आधार राहत नाही, हे त्यामागचे तर्कशास्त्र होते. चर्मकामालाही असेच शास्त्रीय आणि प्रतिष्ठेचे रूप देण्याचा त्यांचा प्रयत्न होता.

याच काळात वर्ध्याजवळ पवनारला विनोबा भावे श्रमाच्या कल्पनेला दुसरे टोक जोडत होते. १९५०च्या सुमारास त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला: पैशाचे दान न घेता, स्वतः खणलेल्या जमिनीत पिकेल त्यावर जगायचे. १९५९मध्ये तिथेच ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले. ब्रह्मचर्य पाळणाऱ्या स्त्रियांनी एकत्र राहावे, शेती आणि छपाई करावी आणि प्रत्येक निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यावा, ही तिथली पद्धत. एफ्राटा आणि हार्मनीत बायसेल आणि रॅप यांचा शब्द अखेरचा असे. विनोबांनी ब्रह्मविद्येचा अधिकार स्त्रियांच्या समुदायाकडे दिला आणि स्वतः निर्णयप्रक्रियेपासून बाजूला राहिले.

सामाईक मालकीची कल्पना पुढे गावापर्यंत पोहोचली. १९५१मध्ये सुरू झालेल्या भूदानातून ग्रामदान निघाले आणि १९६४मध्ये महाराष्ट्रात त्याचा कायदा झाला. सुलभ ग्रामदानात मालकी ग्रामसभेची, पण कसणारे कुटुंब आपली बहुतांश जमीन कसत राहते आणि विसावा हिस्सा भूमिहीनांना देते. संसार न सोडता सहजीवन साधण्याची ही तडजोड होती. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २०१३मध्ये हाच मार्ग स्वीकारला.

मठाने माणसाकडून घराचा त्याग मागितला, जर्मन वसाहतींनी मालमत्तेचा, आणि गोपुरीने जन्माने मिळालेल्या उच्चपणाचा. हा तिसरा त्याग सर्वांत अवघड आहे, कारण घर आणि धन सोडलेला माणूसही जात बरोबर घेऊन फिरू शकतो. अप्पासाहेब १९७१मध्ये गेले. सांडपाण्याच्या टाक्या आणि गटारे साफ करताना आजही देशात माणसे मरतात आणि ती बहुतेक पूर्वी मैला वाहणाऱ्या जातींतलीच असतात. एकत्र राहणाऱ्या कोणत्याही समाजाने सर्वांत घाण काम कोणाकडे सोपवले आहे, हे विचारून त्याच्या समतेची परीक्षा घेता येते. ही कसोटी रत्नागिरी जिल्ह्याने सामूहिक धर्मजीवनाच्या विचारात घातलेली मोलाची भर आहे.