विश्वास, सत्कर्म आणि मोक्ष

मोक्ष विश्वासाने लाभतो की सत्कर्माने, हा ख्रिस्ती धर्मातील पुरातन वाद होय. पौलाच्या रोमकरांस पत्रात मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरतो असे प्रतिपादन आहे; याकोबाच्या पत्रात कृतीवाचून विश्वास निर्जीव मानला आहे. १५१७ साली मार्टिन ल्यूथरच्या आक्षेपांनंतर याच प्रश्नावर पश्चिमेकडील ख्रिस्ती मंडळी दुभंगली. १९९९ साली रोमन कॅथलिक व ल्यूथरपंथीयांनी संयुक्त घोषणापत्र काढून, तारण ईश्वरकृपेने होते व सत्कर्मे त्या कृपेची फळे होत, असे मान्य केले.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे जिवंत उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. बालपणी आईवडिलांसह तीर्थे, व्रते, दाने करीत त्या भारतभर हिंडल्या. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे काही वर्षांनी त्यांना उमगले की, आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला, परंतु ख्रिस्त लाभला नाही. तारण पुण्याईने मिळवायचे नसून ते दान आहे, असा त्यांचा निश्चय झाला.

येथे कोणी शंका घेईल की, तारण जर दान, तर सत्कर्म कशास करावे? उत्तर केडगावास आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्यप्रांतातून शेकडो निराधार मुली आणून त्यांना आश्रय दिला. विश्वासाने त्यांचे कर्म सुटले नाही. केवळ त्याची मोजदाद सुटली.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. कर्माचे फळ देवता देतात व ते नाशिवंत असते. मोक्षदाता एक परमेश्वरच. जीव बद्धमुक्त आहे, स्वसामर्थ्याने त्याचे बंधन तुटत नाही. ज्ञान परमेश्वर देतो. एवढ्यापुरता पौलाचा पक्ष आपणांस परका नाही. परंतु ज्ञान झाल्यावर आचार नको, असे आपले शास्त्र म्हणत नाही. स्मरण, अटन, विजन, भिक्षा हे साधकाचे विहित कर्तव्यच होय. तथापि तो मोक्षाचा मोबदला नव्हे. तो ज्याने दान दिले, त्याच्या आज्ञेचे पालन होय. भेदही विसरू नये: त्यांच्याकडे एकाच जन्मात निवाडा होतो व दुसऱ्याचे बलिदान पापाची भरपाई करते, आपल्याकडे जीव अनेक जन्म भोगतो व अनुतापही त्याचा त्यालाच करावा लागतो.

हा विचार आपल्या बीड जिल्ह्यात केवळ ग्रंथापुरता नाही. ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने गाव सोडणाऱ्या वासनिकास पांचाळेश्वरी आत्मतीर्थास येता येत नाही, पूजाअर्चा घडत नाही. आपले कसे होईल, असे तो विचारतो. त्यास सांगावे की, फडात कोयता चालत असताना नामस्मरणास कोणाची आडकाठी नाही, आणि परमेश्वर हिशेबनीस नाही. मात्र सवड असूनही आचार टाळणाऱ्याने हे उत्तर आपलेसे करू नये. आणि आम्हां अनुसरलेल्यांनी आपला नेम पुण्याच्या खात्यात मांडू नये. आचाराचा अहंकार हाही एक बंधच होय.