भागधारकाला पाझर फुटेल काय?

आमच्या वरूडच्या एका प्राध्यापक मित्रांनी सध्या नवा मंत्र धरला आहे. मोर्चे, उपोषणं, जलसमर्पण यांचा जमाना सरला. आदिवासींना उठवणाऱ्या वीज कंपनीला आता तिचे भागधारकच जाब विचारतील, असं ते ठणकावून सांगतात. दाखला अमेरिकेचा. तिथे दोन हजार डॉलरचे शेअर तीन वर्षं सांभाळलेला माणूस वार्षिक सभेपुढे ठराव मांडू शकतो. क्रांती घरबसल्या होणार, हे बघून मित्र फार खुशीत आहेत.

आपल्याकडे काय? 2013 च्या कंपनी कायद्याने असा ठराव पाठवायला मतदानाच्या हक्काचं दहा टक्के भांडवल हाती असावं लागतं. धरणं बांधणाऱ्या एनएचपीसी या जलविद्युत कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर केंद्र सरकारकडे. म्हणजे सरकारने सरकारला खडसावायचं! आणि कंपनी खासगी असली, तरी काय? मुळशीला 1921 च्या रामनवमीला मावळे धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले, तेव्हा समोर टाटांची कंपनी होती. ती स्वदेशी, हाच तर पेच. परक्याविरुद्ध लढायची सवय झालेल्या देशभक्तीने घरच्या धरणापुढे काय करायचं? सेनापती बापटांनी उत्तर दिलं आणि ते तुरुंगात गेले. भागधारकांनी लाभांश घेतला.

गुंतवणूकदाराला पाझर कशाने फुटतो, हे नर्मदेने दाखवलं. सरदार सरोवरात महाराष्ट्राची 33 गावं, अक्कलकुवा-अक्राणीच्या भिल्ल-पावऱ्यांची. 1992 मध्ये जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने पुनर्वसनाचे वाभाडे काढले. मार्च 1993 मध्ये भारताने जागतिक बँकेच्या उरलेल्या कर्जावर पाणी सोडलं. त्याच साली धरण बांधणाऱ्या नर्मदा निगमने रोखे काढले: आज 3,600 रुपये भरा, 2014 मध्ये 1,11,000 घ्या. मध्यमवर्गाला एवढं पुरे होतं. कुणी पोरीच्या लग्नासाठी घेतले, कुणी म्हातारपणासाठी. त्याच पावसाळ्यात त्या 33 गावांतल्या मणिबेलीत पाणी शिरलं; त्या पाण्याने एखाद्या रोखेधारकाची झोप उडाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पुढे 2008 मध्ये गुजरातने खास कायदा करून मुदतीआधीच 50,000 हातावर टेकवायचं ठरवलं, तेव्हा मात्र मंडळी खवळली. फसवणूक, विश्वासघात, सगळे शब्द निघाले. तेच शब्द पावरे कधीपासून वापरत होते.

तरीही मित्रांना नुसतं उडवून लावता येत नाही. कॅनडात क्युबेकच्या सरकारी वीज कंपनीला ग्रेट व्हेल नदी अडवायची होती. 1990 मध्ये तिथले क्री आणि इनुइट लोक वल्ही मारत थेट न्यूयॉर्कला पोचले, कारण वीज न्यूयॉर्क घेणार होतं. 1992 मध्ये न्यूयॉर्कने खरेदीचा करार मोडला, 1994 मध्ये क्युबेकने प्रकल्प गुंडाळला. मागणी घटली होती, वीज महाग पडत होती, हे खरंच. पण निव्वळ हिशेबाच्या जोरावर प्रकल्प गुंडाळले जात असते, तर आपल्या सिंचनखात्याला केव्हाच टाळं लागलं असतं. पैशाने धरण अडतं, एवढं मला मान्य. फक्त तिथे भागधारकापेक्षा गिऱ्हाईक कामाला आलं.

आणि गिऱ्हाईक आपण आहोत. सरदार सरोवराच्या 1,450 मेगावॉटमधली 27 टक्के वीज महाराष्ट्राच्या वाट्याची. आंबिया बहाराला पाणी देताना रात्री अडीचला थ्री-फेज आली की आमचा संत्रेवाला बॅटरी घेऊन बोअरकडे धावतो. पाणी दरसाल खाली चाललंय; मोटर खोल उतरवायची, केबल वाढवायची, पुन्हा तीच रात्र. त्या धावपळीत वीज कोराडीची की नर्मदेची, हे त्याने विचारावं अशी अपेक्षा मी करणार नाही.

पण महावितरणच्या दरवाढीवर विद्युत नियामक आयोग अमरावतीत जनसुनावणी घेतो, तिथे तो जातो. तिथे बोलायला दहा टक्के भांडवल लागत नाही. दिवसा वीज द्या, जळालेली डीपी बदला, बिलं दुरुस्त करा. पोटतिडकीने बोलतो, बरोबरच बोलतो. सह्याद्रीत सावित्री, काळू, केंगाडी आणि जालोंद इथल्या 7,350 मेगावॉटच्या उदंचन (पाणी वर चढवून पुन्हा वीज करणाऱ्या) प्रकल्पांसाठी जून 2023 मध्ये राज्याने एनएचपीसीशी करार केला आहे. ती वीज महावितरण घ्यायला निघालं, तर किंमत आयोगापुढे येईल. तेव्हा मुदतीत एक लेखी हरकत द्यावी: या विजेसाठी कोण उठलं, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा खर्च दरात धरला का? आयोग बहुधा म्हणेल, हा विषय आमच्या कक्षेत नाही. म्हणू दे. ते त्याला आदेशात लिहावं लागेल, आणि आदेशावर दिल्लीच्या अपील न्यायाधिकरणात जाता येतं.