आश्रमला, आश्रमाला

मेहकरच्या बसस्थानकात कंडक्टर गाडीच्या दारात उभा राहून हाळी देतो, तेव्हा ‘हिवरा आश्रम’ असं गावाचं पूर्ण नाव तो सहसा घेत नाही. ‘आश्रम, आश्रम, चला आश्रम!’ एवढंच. चढणाऱ्यांत एकाच्या खांद्यावर बियाण्याची थैली असते, एकीच्या हातात औषधाच्या दुकानाची पिशवी, दोघं-तिघं नुसतेच घरी निघालेले. आश्रमात जाणारा त्यांच्यात एखादाच. तरी सगळे त्याच हाळीवर चढतात, आणि गोंधळ कुणाचाच होत नाही.

होत नाही याचं श्रेय मराठी व्याकरणाला द्यायला हवं. जो घरी चाललाय तो म्हणतो, ‘आश्रमला चाललो’. ज्याचं काम संस्थेत आहे तो म्हणतो, ‘आश्रमाला देणगी द्यायची आहे’. फरक एका कान्याचा. प्रत्यय लागताना सामान्यनामाचं सामान्यरूप होतं. व्यंजनान्त विशेषनाम ‘ला’पुढे आताशा ते टाळतं. म्हणून सुट्टीत आपण गावाला जातो, पण दर्शनाला शेगावला. भाजी आणायला बाजाराला, पण पाणलोटाचं काम बघायला हिवरे बाजारला. जुन्या पत्रांमधली माणसं ‘नागपुरास’ जात; आपण ‘नागपूरला’ जातो. शब्दातला अर्थ झोपी गेला आणि शब्द निव्वळ नाव होऊन उरला, की त्याचा काना गळतो. ‘आश्रमला’ म्हणणाऱ्याच्या मनात ना तप असतं, ना महाराज, ना संस्था. त्याच्या मनात त्याचं घर असतं.

गावाच्या नावातला शब्द असा झोपतो कसा, हे बघायला वेल्ससारखा दुसरा देश नाही. तिथे शेकडो गावांच्या नावांची सुरुवात एकाच शब्दाने होते. त्याचं पहिलं अक्षर आपल्याला लिहिता येत नाही: जीभ ‘ल’च्या जागी टेकवायची आणि गालाच्या बाजूने नुसती हवा सोडायची. आपल्या ‘ळ’ने आजवर किती परक्यांची बोबडी वळवली, त्याची ही परतफेड समजावी. मी आपलं ‘ल्लान’ लिहितो. या ल्लानचा मूळ अर्थ कुंपण घातलेली जमीन. इंग्रजीतल्या ‘लँड’चं हे दूरचं भावंड. जोडशब्दांमध्ये ते कुंपण अजून शाबूत आहे: ‘पेर्ल्लान’ म्हणजे फळबाग, ‘ग्विन्ल्लान’ म्हणजे द्राक्षमळा, ‘कोर्लान’ म्हणजे मेंढवाडा. मग ख्रिस्ती साधूंनी अशाच जागा कुंपून घेतल्या. आत दफनभूमी आली, प्रार्थनाघर आलं, भोवती घरं आली. शब्द कुंपणावरून चर्चवर सरकला आणि चर्चवरून गावावर. तैलो या संताचं ते ल्लान्दैलो, तिद्नो या संताचं ते ल्लान्दिद्नो. मेरीचं वेल्श रूप ‘माइर’. पण ल्लानच्या मागे आली की ती ‘वाइर’ होते आणि गाव होतं ल्लान्वाइर. आपली नावं शेपटाकडून वाकतात, हिवऱ्याला, पुण्याला, त्यांची डोक्याकडून.

उत्तर वेल्समध्ये ल्लान फेस्टिन्योग नावाचं गाव आहे. आजूबाजूचे लोक त्याला नुसतं ‘ल्लान’ म्हणतात. मेहकरच्या कंडक्टरचं ‘आश्रम’ ते हेच. देशभर शेकडो ल्लान असताना त्या मुलखात मात्र ल्लान एकच. उलटं उदाहरणही तिथलंच. अँगल्सी बेटावरच्या एका ल्लान्वाइरला 1860 च्या दशकात, रेल्वेस्थानकाचं नाव सर्वांत लांब असावं आणि प्रवाशांनी कौतुकाने उतरावं म्हणून, 58 अक्षरांचं नाव चिकटवलं गेलं. पांढऱ्या हेझलच्या झाडाजवळच्या खोलगट जागेतलं मेरीचं चर्च, वेगवान भोवऱ्यापाशी, लाल गुहेजवळच्या तिसिल्योच्या चर्चलगत, असा काहीसा त्याचा अर्थ. पाटीपुढे उभं राहून लोक फोटो काढतात. गावकरी ‘ल्लान्वाइर-पूल’ म्हणतात आणि कामाला लागतात. दोन्हींकडे एकच गोष्ट दिसते: नावाची लांबी परक्यासाठी असते.

ल्लानला मराठीत भाऊबंद शोधायचा तर तो ‘आश्रम’ नव्हे. तो आहे ‘वाडी’. संस्कृत ‘वाटिका’, म्हणजे कुंपलेली बाग, तिथून ती आली. कोकणात आजही नारळी-पोफळीच्या बागेला वाडी म्हणतात आणि पंधरा घरांच्या वस्तीलाही. गुरं कोंडायच्या जागेला वाडगं, मेंढ्यांचा तो वाडा, सरदाराचाही वाडाच. पण हा शब्द आपल्याकडे आणखी एक काम करत आला, आणि त्याबद्दल ल्लानशी तुलना करताना संकोच वाटतो. महारवाडा, मांगवाडा ही नावं कुंपणाचीच होती. फक्त ते कुंपण आतल्यांनी घातलेलं नव्हतं. जातींवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली गेली. त्यावर काही सुशिक्षितांचा सूर असा होता की जुनी नावं इतिहास आहेत, असू द्यावीत. आता तो अर्थ कुणाच्या मनात नसतो. मला हे कधी पटलं नाही. शब्द झोपतो तो बोलणाऱ्याच्या तोंडी. ज्याला तो पत्त्यात लिहावा लागतो, नोकरीच्या अर्जात भरावा लागतो, त्याच्या कानी तो जागाच असतो.

आता ‘हिवरा आश्रम’ या नावातला पहिला शब्द. हिवर हे झाड शहरातल्या वाचकाने पाहिलं असेल, पण बाभूळ समजून सोडून दिलं असेल. काटेरी, छत्रीसारखं पसरलेलं, फिकट पिवळसर फुलांचे घोस, आणि साल पांढुरकी. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही नाव ठेवताना तेच पाहिलं: त्याच्या लॅटिन नावातल्या ‘ल्युकोफ्लिया’चा अर्थ पांढऱ्या सालीचं. शेंगा शेळ्या आवडीने खातात, फांद्या कुपाटीला कामी येतात. या झाडाची साल घालून पूर्वी दारू गाळत. पाटीवर आश्रमाच्या अलीकडे याच झाडाचं नाव आहे, याची मौज वाटल्याशिवाय राहत नाही. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या हिवराच्या सावलीत निजू देत नसत. म्हणत, हीव भरतं. हिवर आणि हीव हे शब्द खरोखर एका मुळातले की नुसते कानाला जवळचे, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. हिवतापाच्या काळात कानाचा पुरावाही पुरेसा होता.

वऱ्हाडात, मराठवाड्यात, नगरकडे हिवरा, हिवरे, हिवरखेड, हिवरगाव ही नावं जागोजाग सापडतात. पिंपरी, पळसखेड, बाभुळगाव, सावरगाव, टेंभुर्णी, हिंगणघाट यांच्याच पंगतीतली. इतिहासाचार्य राजवाडे गावांच्या नावांतून वसाहतीचा इतिहास वाचत, त्यामागे हीच समज होती: पहिल्या माणसाने वस्ती टाकताना समोर जे दिसलं ते तो बोलला. जंगलात हरवू नये म्हणून झाड पुरे होतं. पण एकाच झाडाची दहा गावं झाल्यावर महसूल गोळा करणाऱ्याला ते पुरेना. मग फारसीतून खुर्द आणि बुद्रुक आले, धाकटं आणि थोरलं. कुठे पाटलाचं आडनाव चिकटलं, कुठे शेजारच्या मोठ्या गावाचं नाव, कुठे बाजार. पहिला शब्द राहणाऱ्यांचा, दुसरा दप्तराचा. आपल्या बहुतेक गावांची नावं अशी दोन हातांनी लिहिलेली आहेत.

दप्तराएवढाच जोर टपालाचा. गांधीजी 1936 मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला गेले. त्यांची पत्रं बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊ लागली. गजानन महाराजांच्या गावात महात्माजींची डाक! अखेर 1940 मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. नावात विचार होताच, पण धक्का दिला तो चुकलेल्या पत्रांनी. अमरावतीकडे तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजाने मोझरीच्या पुढची जागा घेतली; लोक गुरुकुंज मोझरी म्हणतात. हिवऱ्यात संस्था नावाच्या मागे आली. शुकदास महाराजांनी साठच्या दशकात इथे विवेकानंद आश्रम उभा केला. शाळा, महाविद्यालयं झाली. विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला मैदानात माणसांच्या लांबच लांब रांगा बसतात आणि दोन रांगांमधून ट्रॅक्टर चालतात. ट्रॉलीत पुऱ्यांचा ढीग, मागच्यात वांग्याची भाजी. वाढपी ट्रॉलीवरून वाकून वाढतात, ट्रॅक्टर थांबत नाही. लाखभर पानं उठतात. एवढं मोठं काही गावात असेल तर ते नावात यायचंच. गंमत एवढीच की वेल्सने संतांची नावं राखली आणि तिद्नो कोण, तैलो कोण हे बहुतेक विसरून गेले. हिवऱ्याच्या पाटीवर विवेकानंद नाहीत, शुकदासही नाहीत. झाड आहे आणि आश्रम आहे.

आणि 2017 च्या सप्टेंबरात हा झोपलेला शब्द जागा झाला. एक्क्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन हिवरा आश्रम इथे होणार, असं जाहीर झालं. इतक्या लहान गावाचा हा मान होता. पण निमंत्रक विवेकानंद आश्रम होता, आणि शुकदास महाराजांच्या उपचारांबद्दल, त्यांच्याभोवतीच्या चमत्कारांच्या दाव्यांबद्दल अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने हरकत घेतली. वाद पेटला. काही दिवसांतच आश्रमाने निमंत्रण मागे घेतलं. संमेलन बडोद्याला गेलं आणि फेब्रुवारी 2018 मध्ये लक्ष्मीकांत देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली पार पडलं.

हरकत घेणाऱ्यांना प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार होता, आणि तो त्यांनी विचारलाच पाहिजे होता. उपचारांचा दावा श्रद्धेच्या आडोशाला बसू शकत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. त्या आठवड्यांतल्या चर्चेत ‘हिवरा आश्रमात संमेलन’ हे शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी होते, आणि या ‘त’ प्रत्ययाची खोड अशी की तो विशेषनामालाही सोडत नाही. ‘शेगावला’ म्हणणारे आपण ‘शेगावात’च म्हणतो. ‘ला’ने जपलेला फरक ‘त’ पुसून टाकतो. हिवरा आश्रमात म्हणजे गावात, की आश्रमात? ऐकणाऱ्याला दुसराच अर्थ ऐकू आला. सेवाग्रामला सभा झाली तर ती बापूकुटीतच झाली असं कुणी धरत नाही, कारण सेवाग्राम हा आता एका जागेचा शब्द आहे. इथे मात्र नावच पुरावा ठरलं. पुण्या-मुंबईतल्या चर्चेत एका गावाची बाजू अशी कुठे आलीच नाही. सोयाबीन पिकवणारं, आपल्या पोरांना शिकायला बाहेर पाठवणारं, संमेलनाच्या मांडवासाठी ज्याने कदाचित आपलं एखादं वावर मोकळं करून दिलं असतं असं गाव. ते नावाच्या मागे दिसेनासं झालं.

कुणी म्हणेल, निमंत्रण गावाचं नव्हतंच. बरोबर. पण संमेलनाचं स्थळ बघायला माणसं जातात ती गावाला, आणि ग्रामीण भागात संमेलन व्हावं हा आग्रह वर्षानुवर्षं धरला जातो तोही गावांसाठी. लहान गावात एवढा खर्च पेलणारी संस्था बहुधा एकच असते: साखर कारखाना, शिक्षणसंस्था किंवा आश्रम. संस्था नाकारली की गाव आपोआप नाकारलं जातं, आणि संस्था स्वीकारली की गाव तिचं अंगण होतं. खेड्यापुढची ही अडचण व्याकरणाने सुटणारी नाही, हे मलाही कळतं. तरी ‘आश्रमला’ आणि ‘आश्रमाला’ यांतला फरक ज्या भाषेने फुकट दिला आहे, त्या भाषेच्या संमेलनात तरी तो ऐकू यायला हरकत नव्हती.

‘आश्रम’ या शब्दाचं स्वतःचं चलनही या काळात बरंच फिरलंय. श्रमावरून, तपाच्या कष्टांवरून आलेला हा शब्द. आयुष्याच्या चार टप्प्यांना तोच लागला. आज शहरातल्या मुलाच्या कानी तो पहिल्यांदा पडतो वृद्धाश्रम म्हणून. आदिवासी पाड्यावरच्या मुलाच्या कानी आश्रमशाळा म्हणून, म्हणजे लोखंडी पेटी, सामुदायिक जेवण आणि घरची आठवण. हिवऱ्याच्या मुलाच्या कानी तो पडतो पत्ता म्हणून. तिघांचा शब्द एक, आणि तिघंही बरोबर.

मेहकरहून निघालेल्या गाडीत शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. धोतर, टोपी, मांडीवर फवारणीच्या औषधाचा खोका. कोणत्या गावचे, असं मी विचारलं. ‘हिवऱ्याचे,’ ते म्हणाले. मी मुद्दाम म्हटलं, ‘म्हणजे हिवरा आश्रम?’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा हसले. ‘आमी हिवऱ्याचे. आश्रम हाये ते पत्त्यापुरतं.’ तेवढ्यात कंडक्टर आला. त्याने काही विचारायच्या आत म्हाताऱ्याने पैसे पुढे केले आणि म्हणाला,

‘आश्रम एक.’