विहिरीतला भोपळा

साक्रीजवळ, कान नदीच्या काठी, आबा नावाच्या एका माजी सैनिकाचा मळा होता. उन्हाळ्यात नदी आटायची, पण मळ्यातल्या विहिरीला पाणी असायचं. त्यांच्या नातीचा डावा पाय जन्मापासून अधू. शाळेच्या पायऱ्या ती भिंत धरून चढायची. एके दिवशी मागच्या पोरांनी चिडवलं आणि ती रडत घरी आली.

आबांनी माळ्यावरचा वाळलेला भोपळा काढला, तिच्या कमरेला बांधला आणि तिला विहिरीत उतरवलं.

"भिऊ नको पोर," ते म्हणाले, "पानी कोनले पाय इचारत नही."

उन्हाळा सरेपर्यंत ती भावंडांच्या पुढे पोहू लागली. मग काठावर बसून आबांनी तिला सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगितली. ते फौजेत मुष्टियोद्धा होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले, आणि 1972 साली जर्मनीतल्या हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्याचं सुवर्णपदक त्यांनी 37.33 सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकलं. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण.

"मग त्यांची मिरवणूक निघाली असेल!" नात म्हणाली.

"देश त्यांना विसरला, पोरी. पण ते पोहलेले होते, हे कुणी पुसू शकलं नाही."

नात मोठी झाली. 2018 मध्ये पेटकरांना पद्मश्री मिळाल्याची बातमी तिनंच आबांना वाचून दाखवली. कॉलेजात तिला आणखी एक जलतरणपटू पुस्तकात भेटला, इंग्लंडचा क्रिस होम्स. चौदाव्या वर्षी त्याची दृष्टी गेली. पुढे पॅरालिम्पिकमध्ये त्यानं नऊ सुवर्णपदकं मिळवली, त्यातली सहा 1992 च्या बार्सिलोनात. 2013 पासून तो ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात बसतो आणि अपंगांच्या हक्कांसाठी बोलतो.

"आबा, पेटकरांनी पाणी जिंकलं. होम्स पाण्याबाहेर येऊन पायऱ्यांशी झगडतो आहे," ती म्हणाली. "आपल्या ग्रामपंचायतीलाही पायऱ्याच आहेत."

एकविसावं वर्ष पूर्ण होताच ती निवडणुकीला उभी राहिली आणि निवडून आली. पहिल्या सभेत सरपंच शाल आणि नारळ घेऊन आले. ती हात जोडून म्हणाली, "सरपंच दादा, शाल राहू द्या. बाहेर काठी टेकत आलेल्या आजी पायरीखालीच थांबल्यात. आधी त्यांना आत येऊ द्या."

तिनं पायऱ्यांशेजारी उतार मागितला. कुणी म्हणालं, पैसा कुठाय? तिनं शासन निर्णयच समोर ठेवला. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असतो. उताराचं गणितही तिच्याकडे होतं. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, म्हणजे दोन फुटांच्या ओट्याला चोवीस फूट. आखूड केला तर चाकाची खुर्ची चढत नाही, उतरताना उलटते.

पावसाळ्याआधी उतार झाला. त्यावरून सगळ्यात आधी त्या आजी चढल्या. मागोमाग तान्हं पोर कडेवर घेतलेली सून आली. तिचे पाय धड होते, तरी उतार तिच्याही कामाला आला.

त्या संध्याकाळी आबांनी माळ्यावर पाहिलं. भोपळा जागेवर नव्हता.

"कुठं गेला?"

"शेजारच्या पोराला दिला. त्यालाही नीट चालता येत नाही," नात म्हणाली. "मला आता लागत नाही, आबा."

आबांचे डोळे भरून आले. विहिरीकडून पाण्याचा धबाधब आवाज येत होता.

तात्पर्य : ज्याच्या आधारानं आपण तरलो, तो आधार जपून ठेवायचा नसतो, पुढच्याच्या कमरेला बांधायचा असतो.