भिंतीवरील चित्र
(वाचावयाचा भाग : गलतीकरांस पत्र 3:1, योहान, अध्याय 4)



सिरसाळा येथे एका वृद्ध भगिनीच्या घरी प्रार्थनेस गेलो असता भिंतीवर जुन्या पुस्तकातील एक पान चिकटविलेले पाहिले. विहिरीपाशी प्रभू बसला आहे व शोमरोनी स्त्री समोर उभी आहे, असे ते काळ्या रेघांचे चित्र होते. खाली उदबत्ती जळत होती. “पाळकसायेब, परभू असाच दिसत व्हता का?” असे तिने विचारिले. बरोबरच्या उपदेशकाचे म्हणणे पडले की, चित्र तत्काळ काढून टाकावे.

ते चित्र गुस्ताव डोरे ह्या फ्रेंच चित्रकाराचे होते. त्याच्या दोनशेंहून अधिक चित्रांसह पवित्र शास्त्र 1866 साली फ्रान्स देशात प्रसिद्ध झाले. तो आकृती काढी आणि कुशल कारागीर ती कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर कोरीत. पांढरे दिसावयाचे ते खोदून काढावयाचे, रेघ तेवढी उंच ठेवावयाची. असा ठोकळा अक्षरांच्या खिळ्यांबरोबरच छापता येई, आणि त्यावरून धातूचे ठसे घेऊन ते परदेशच्या छापखान्यांस देता येत. ह्याप्रमाणे एका मनुष्याची कल्पना देशोदेशींच्या घरांत, जादूच्या कंदिलाच्या काचांवर व पुढे चलच्चित्रांतही शिरली.

चित्राचे सामर्थ्य थोडे नव्हे. दादासाहेब फाळके ह्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला, तेव्हा त्यांच्या मनापुढे राम व कृष्ण उभे राहिले, असे त्यांनीच पुढे लिहिले. आणि 1913 साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. चित्र एक, पण पाहणाऱ्याच्या अंतःकरणात जे होते तेच जागे झाले!

शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांपैकी एकानेही प्रभूचा चेहरा किंवा वर्ण सांगितलेला नाही. डोरेने आपल्या देशाच्या नजरेने तो रेखाटिला, ह्यात त्याचा दोष नाही. पौलाने मात्र गलतीकरांच्या डोळ्यांपुढे वधस्तंभावरील ख्रिस्त उभा केला तो केवळ शब्दांनी.

तरी पान फाडणे मला योग्य वाटले नाही. (उपदेशकास ते रुचले नाही, असो.) ज्यांस अक्षरओळख नव्हती त्यांस कथा प्रथम चित्रांनीच कळल्या, हे आम्ही शिकलेल्यांनी विसरू नये. मी तिच्या नातीस चौथा अध्याय वाचावयास सांगितले. थकलेला प्रभू त्या परक्या जातीच्या स्त्रीजवळ पाणी मागतो, येथवर ती आली, तोच आजीने तिला थांबविले.

“तिच्या हातचं पाणी मागितलं त्यानं? इतकी वर्सं ह्या चित्राकडं बघते, मला कुणी हे सांगितलंच न्हाई. पुन्हा वाच गं.”

नात वाचू लागली. उदबत्ती आजीने स्वतःच विझविली.